बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी

रविवारी कोथरूडला धाकट्या बहिणीकडे गेलो, तर तिच्या दहा महिन्यांच्या लेकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली मलमलची पुरचुंडी. घरभर कापराचा वास, आणि पोरगं ती पुरचुंडी मन लावून चोखतंय. बांधली होती आमच्या आईने. तिला मावशीने मेसेज पाठवला होता: "फ्लूवर रामबाण उपाय, पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, दहा जणांना पाठवा." या मोठ्या डॉक्टरांना नाव नाही, दवाखाना नाही, शुद्धलेखनही नाही. हाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. ती चूक माझी.

"कापूर-वेलची रुमालात बांधून हुंगा, विषाणू आत शिरत नाही." हे जुनंच आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा आणि थिएटरं बंद झाली, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीला रांगा लागल्या. तेव्हाही लोक हीच पुरचुंडी हुंगत फिरत होते. साथ काही थांबली नाही. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे कबूल. पण ते नुसतं वाटणं. गारवा ओळखणाऱ्या नसा चाळवल्या जातात, नाकातली सूज जागच्या जागी राहते.

मोठ्या माणसांनी हवं तेवढं हुंगावं, माझी हरकत नाही. मेसेज पुढे म्हणतो: "लहान बाळांच्या नाकपुडीला कापराचं तेल लावा, ताप चढल्यास चिमूटभर कापूर मधातून चाटवा." इथे माझं डोकं फिरलं. कापूर पोटात गेला की झपाट्याने रक्तात उतरतो आणि थेट मेंदूवर जातो. काही मिनिटांतच बाळाला आकडी येऊ शकते. जेमतेम एक ग्रॅम कापूर पोटात जाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. एक ग्रॅम म्हणजे आरतीच्या तबकातली एखाद-दुसरी वडी! अमेरिकेत अशा विषबाधा इतक्या झाल्या, की तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९८० च्या दशकात कापराच्या तेलावर बंदी घातली आणि मलमांमध्ये ११ टक्क्यांहून जास्त कापूर चालणार नाही असं ठरवलं. "अरे, पण हा भीमसेनी आहे," आई म्हणाली. डबीवर भीमसेनी छापलंय म्हणून आत काय आहे ते कोणी तपासलंय? शिवाय वर्षाखालच्या बाळाला मधसुद्धा द्यायचा नसतो, त्यातून बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. म्हणजे एका ओळीत दोन विषं. बाळाने कापूर गिळला असेल तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, रिक्षा पकडा आणि हॉस्पिटल गाठा.

दुसरा दावा, "लस घेतली की फ्लू होतो." याच्यामुळे आईने लसीची ठरलेली वेळ रद्द केली होती. वय ६८, त्यात मधुमेह. दंडात टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतोच, तर फ्लू होणार कुठून? दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बस. लस शंभर टक्के वाचवत नाही, हेही खरं. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हंगामी फ्लूने जगात वर्षाला २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं जातात, आणि त्यात जास्त धोका आईसारख्यांनाच. आपल्याकडे साथ पावसाळ्यात जोर धरते, लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. लस सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांनाही देता येते. पहिल्यांदा घेतात त्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. गळ्यात काही बांधायची गरज नाही.

"घसा धरला की तीन दिवस अझिथ्रोमायसिन." हे अँटिबायोटिक, आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मार्च २०२३ मध्ये घरोघरी खोकला होता तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेच सांगितलं होतं: ताप तीनेक दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो, अँटिबायोटिक उगाच घेऊ नका. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर खरा उपयोग, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर. धाप लागली, बाळ दूध पिईना, तर वाट बघू नका.

दही, आइस्क्रीम, पावसात भिजणं यांनी फ्लू होतो? विषाणू माणसाकडून माणसाकडे येतो, दह्यातून नाही. हळदीचं दूध प्या, घशाला बरं वाटतं.

आणि त्या घरात विषाणू आणणार कोण? खोकत ऑफिसला जाऊन, संध्याकाळी त्याच तोंडाने बाळाचे मुके घेणारे आमचे मेहुणे. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस आजार पसरवू लागतो. मास्क लावा म्हटलं तर म्हणाले, "साधी सर्दी आहे हो."

आईने शेवटी दोरा कापला, तोही बहिणीने फोनवर त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडून वदवून घेतल्यावर. माझं ऐकून नाही. पुरचुंडी आता तिच्या कपाटात, पैठणीच्या घडीत आहे. मावशीला मात्र अजून कोणी काही बोललेलं नाही.