खुलासा : सूर्य ‘परक्या दीर्घिकेतला’ नाही

‘आपला सूर्य मुळात आकाशगंगेचा नाहीच, तो धनू बटुदीर्घिकेतून (आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेतून, म्हणजे ताऱ्यांच्या समूहातून) आला; म्हणून तर आकाशगंगेचा पट्टा आकाशात तिरका दिसतो’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. मीही तो एकदा दोन ग्रुपवर टाकला होता, म्हणून हे लिहितोय.

त्यात अर्धं खरं आहे. 1994 मध्ये सापडलेली ही बटुदीर्घिका खरोखरच आकाशगंगेच्या ओढीने फाटतेय. पण तिच्या ताऱ्यांचा प्रवाह आकाशगंगेच्या चपट्या तबकडीला जवळजवळ काटकोनात जातो. सूर्य मात्र तबकडीतच सेकंदाला सुमारे 230 किमी वेगाने जवळपास गोल फिरतो. वर-खाली त्याचा वेग जेमतेम 7 किमी. पाहुणा असा चालत नाही.

दुसरा पुरावा रसायनांचा. मॅग्नेशियम मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळतं, बरंचसं लोह मात्र श्वेतबटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून उशिरा. लहान दीर्घिकेत तारे संथपणे जन्मतात, तोवर लोह साचत जातं, त्यामुळे तिथे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम कमी पडतं. धनूच्या ताऱ्यांत तेच दिसतं. सूर्याचं प्रमाण शेजारच्या तबकडीतल्या ताऱ्यांशी जुळतं.

याच दोन खुणांवरून, ताऱ्यांची जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजणीमुळे, 2018 मध्ये खरे पाहुणे ओळखू आले: सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी गिळलेल्या एका दीर्घिकेचे तारे. त्यांच्या कक्षा लांबट आहेत, सूर्यासारख्या गोल नाहीत.

आणि तिरका पट्टा? ग्रहांच्या कक्षांची पातळी आकाशगंगेच्या पातळीशी सुमारे 60 अंशांचा कोन करते, एवढंच. त्यावरून सूर्याचं माहेर ठरत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मी टाकलेला कुणाकडे असेल तर त्याखाली हे चिकटवा.