येऊ द्या, येऊ द्या

माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पोचा आलाय आणि पोच्यावर टूथपेस्ट आहे. हे कसं झालं ते मी आतापर्यंत सात जणांना साग्रसंगीत सांगितलं. सातही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण तू एकटा कशाला गेलास?"

गेलो! चार दिवस, तीन मुक्काम, अठराशे किलोमीटर, एकटा. आणि काही उंडगेपणा करत गेलो नाही. टायर थंड असतानाच हवा तपासली, कारण तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो आणि माणूस उगाच हवा सोडून बसतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबलो. दुपारी दोन ते चारच्या सुमारास पेंग येते ती शरीराच्या घड्याळातच असते, बिचाऱ्या जेवणाला फुकट शिव्या बसतात. त्या वेळेला मी कॉफी पिऊन लगेच सीट मागे टाकायचो आणि वीस मिनिटं पडायचो. कॉफीचा अंमल चढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठेपर्यंत ती कामाला लागलेली. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी आंधळी. हे गणित मी चिठ्ठीवर लिहून स्पीडोमीटरखाली चिकटवलं होतं. सगळ्या हायवेवर एक ओरखडा नाही. पोचा आला तो दुसऱ्या मुक्कामी, लॉजच्या आवारात, ताशी तीन किलोमीटर वेगाने.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. दिवसभर पावसात चालवल्यामुळे मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखलाचा थर, स्क्रीनवर नुसता तपकिरी अंधार. आवारात एकच जागा शिल्लक, भिंत आणि शोभेच्या दगडांची रांग यांच्यामधली. हे शोभेचे दगड कोणाची शोभा वाढवतात हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. मी खाली उतरून जागा बघून घेणारच होतो, इतक्यात आरशात ते दिसले.

पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट, गळ्यात टॉवेल, तोंडात ब्रश. साठीच्या आसपासचे. रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यात उभे राहिलेले असे दिसत होते, की जणू लॉज बांधला तेव्हाच त्यांची तिथे नेमणूक झाली असावी. त्यांनी ब्रश बाहेर काढला, म्हणाले, "घाबरू नका, मी आहे," आणि ब्रश परत तोंडात घातला.

आता हा "मी आहे" माझ्या पाहण्यात फार आलाय. गाडी मागे घेताना दिसली की काही माणसांना राहवतच नाही. पंक्चर काढताना ही माणसं कुठे असतात देव जाणे. रिव्हर्सचा दिवा लागला की कुठून कुठून प्रकट होतात.

"एऊ ग्या," ते फेसातून म्हणाले. "एऊ ग्या, एऊ ग्या."

मी येऊ दिली.

मग त्यांनी "आवीए, आवीए" असं काहीतरी सुरू केलं. ते "डावीकडे" असावं. ते गाडीच्या मागे, गाडीकडे तोंड करून उभे. म्हणजे आम्हा दोघांची तोंडं एकाच दिशेला, त्यांचं डावं तेच माझं डावं. वादाला जागाच नव्हती. पण तोंडाने डावीकडे म्हणताना ते हात उजवीकडे हलवत होते. मी काच खाली करून ओरडलो, "नक्की कुठे?" त्यांनी दोन्ही हात हलवले.

सेन्सर म्हणाल तर तोही त्यांच्यातलाच. भिंत जवळ आली की घर डोक्यावर घेतो, पण बुटका दगड त्याच्या ध्वनिलहरींच्या खालीच राहतो. दगडाच्या बाबतीत सेन्सर गप्प आणि भिंतीच्या बाबतीत तोंड मिटेना. त्या पीपपीपमध्ये मी एका माणसाच्या फेसाळ शब्दावर भरवसा ठेवून गाडी सोडत होतो.

दगड त्यांना दिसला, हे मला मान्य करायलाच हवं. वेळेवर दिसला. त्यांचे डोळे मोठे झालेले मी आरशात पाहिले. पण थांबा म्हणायला तोंड रिकामं हवं. म्हणून ते आधी वळले, बाजूच्या नालीपाशी गेले, व्यवस्थित थुंकले, टॉवेलने ओठ पुसले आणि मग म्हणाले, "थांबा."

ताशी तीन किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ सेंटिमीटर. थुंकणं आणि पुसणं मिळून दोन सेकंद तरी धरा. दगड हातभरच लांब होता.

मी खाली उतरलो. ते वाकून पोचा बघत होते, डॉक्टर एक्स-रे बघतात तसे.

"एकटेच आहात?"

"हो."

"तरीच."

हा "तरीच" मला अजून पचलेला नाही. मी म्हटलं, "अहो काका, तरीच काय? तुम्ही सांगत होतात ना!"

"मी सांगत होतो, पण मी पडलो बाहेरचा. घरचं माणूस असतं तर ओरडलं असतं."

एवढ्यात वरच्या गॅलरीत एक बाई आल्या. त्यांनी वर बघून हाक दिली, "अगं, हे एकटेच निघालेत! एवढ्या लांब!" बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, "दिसायला तर बरे वाटतात."

मी पोच्याकडे बघितलं. त्या क्षणी तोच काय तो माझ्या बाजूने बोलणारा होता, पण त्यालाही बोलता येत नव्हतं.

आत काउंटरवरही तेच. "किती जण?" "एक." "आणि?" या "आणि"ला मी काय सांगणार? खोलीत दोन टॉवेल, दोन साबण, दोन उशा आणि भाडं दोघांचं. एकटा माणूस अर्धा पलंग वापरतो, निम्मं पाणी वापरतो, कोणाशी भांडून आवाज करत नाही, आणि पैसे मात्र न आलेल्या माणसाचेही भरतो. थट्टा राहू दे, याचा मला खरंच संताप येतो. दुसरा साबण मी बॅगेत टाकला. परत काढून ठेवला. परत टाकला.

झोप लागली नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, राखणीला बसल्यासारखा जागा राहतो. रोज मुक्काम बदलणाऱ्याची प्रत्येक रात्र पहिलीच. त्या रात्री माझा डावा भाग राखणीला होता आणि उजवा काकांना एकाहून एक सरस उत्तरं देत होता. "मग घरचं माणूस ब्रश करत ओरडतं का?" हे मला पहाटे पावणेतीनला सुचलं. सांगणार कोणाला?

सकाळी सहाला बाहेर आलो तर काका गाडीपाशी. हाफपँट तीच, टॉवेल तोच, तोंडात ब्रश. त्यांनी तो काढून पोच्यावरच्या ओरखड्याकडे रोखला.

"पत्रा शाबूत आहे," ते म्हणाले.

आधुनिक बंपरला पत्रा नसतो, प्लास्टिक असतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर आणखी दहा मिनिटं गेली असती.

"वरवरचा ओरखडा आहे हो. टूथपेस्टने जातो."

आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो ब्रश, तोच, माझ्या बंपरवर गोलगोल घासायला सुरुवात केली. दुर्दैव असं, की त्यात तथ्य आहे. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी वरच्या थरातला ओरखडा थोडा बुजतो. माझाही किंचित बुजला. त्याबद्दल मला "थँक यू काका" म्हणावं लागलं. ज्याने गाडी ठोकायला लावली त्याचे आभार मानून मी निघालो, आणि निघताना आरशात ते हात हलवत होते. निरोपाचा की डावीकडे घ्या म्हणून, कळलं नाही.

पुढे ऊन पडलं आणि पेस्ट वाळून पांढरी, टणक झाली. इन्शुरन्सचा क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनस जातो, नाही केला तर पोचा आपला आपण भरायचा. त्यामुळे तो तसाच आहे.

घरी पोचलो तेव्हा बायको गाडीभोवती एक फेरी मारून मागे थांबली. नखाने खरवडून वास घेतला.

"हे काय आहे?"

"टूथपेस्ट."

"कोणाची?"