ढग ‘धाडकन कोसळतो’ म्हणे!

‘तारा जन्मण्याआधी वायूचा ढग थंडगार आणि निश्चल असतो; मग तो सगळाच्या सगळा स्वतःच्या वजनाने धाडकन कोसळतो, गरगर फिरतो आणि तारा पेटतो.’ अवकाशातल्या सुंदर फोटोंखाली हा मजकूर हमखास दिसतो. यातलं ‘थंडगार’ तेवढं खरं.

तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर. पण मोठ्या ढगांच्या रेडिओ वर्णरेषा (वायूतले रेणू ठरावीक तरंगलांबीला सोडतात त्या रेडिओलहरी; रेणू वेगवेगळ्या वेगांनी धावले की त्या पसरतात) इतक्या पसरट असतात, की आतला वायू सेकंदाला काही किलोमीटर वेगाने सैरावैरा धावतोय हे उघड होतं. ढग जितका मोठा तितकी खळबळ जास्त, हे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड लार्सन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. ती निवते फक्त लहान, दाट गाभ्यांत.

‘सगळा ढग कोसळतो’ हा खरा घोळ. हिशेबच मांडा ना. आकाशगंगेत रेण्वीय वायू, म्हणजे ज्यातून तारे जन्मतात तो रेणूंच्या रूपातला वायू, वजनाने सूर्याच्या साधारण १०० कोटी पट. घन सेंटीमीटरमध्ये १०० रेणू असलेला ढग अडथळ्याविना कोसळायला सुमारे ३० लाख वर्षं पुरतात. म्हणजे वर्षाला ३०० सूर्यांइतके तारे व्हायला हवेत. होतात एक-दोन सूर्यांइतके! हा पेच झुकरमन आणि इव्हान्स या खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडला होता. खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र वायूला आवरून धरतात, नवजात तारे उरलेला उधळून लावतात.

गरगर फिरण्याचं म्हणाल, तर गाभ्यांच्या फिरण्यातली ऊर्जा गुरुत्वीय ऊर्जेच्या साधारण दोन टक्केच भरते. भोवरा वगैरे नंतर, आकुंचनाने.

मग वायू आत जातोच कसा? जातो, पण सावकाश. वृषभ राशीतल्या एल१५४४ या गाभ्यात अजून तारा नाही. त्याच्या वर्णरेषेची निळी बाजू (आपल्याकडे येणाऱ्या वायूची) लालपेक्षा (दूर जाणाऱ्या वायूच्या बाजूपेक्षा) ठळक दिसते, कारण आपल्याकडच्या बाजूचा थंड वायू आपल्यापासून दूर, आत सरकताना लाल बाजूचा प्रकाश शोषतो. त्यावरून १९९८ मध्ये वेग निघाला सेकंदाला ०.१ किलोमीटर, म्हणजे ध्वनीच्याही निम्मा. बार्नार्ड ६८ हा तसाच दुसरा गाभा तर आणखी गमतीशीर: २००३ मधल्या निरीक्षणांत त्याचे बाहेरचे थर काही ठिकाणी आत, काही ठिकाणी बाहेर जाताना दिसले. कोसळणं दूरच, तो हेलकावतोय.