नर्स चालेल, पण बाळंतपणं करणारी नको म्हणे!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल. कंटाळा येईल त्यांनी पुढं जावं.

आमच्या नर्सिंग कॉलेजात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला एक पोरगी आहे. हात हलका, तोंड गोड. तिला स्थळ आलंय. मुलाकडच्यांचा निरोप असा, "नर्स चालंल आम्हाला, पण ते बाळंतपणाचं काम नको, अन् नाइट तर नकोच." पोरगी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मला विचारते, "मॅडम, मी डायलिसिसचा कोर्स करू का?"

मी म्हणलं, आधी जेव. दुसरं काय सांगणार? पण तेव्हापासून धुमसतेय. ह्या नवरदेवाला पहिल्यांदा हातात कुणी घेतलं होतं, हे त्याच्या आईला विचारा म्हणावं!

मी शिकत असतानाची एक रात्र आहे. तालुक्याचा सरकारी दवाखाना, ऊसतोडीहून परतलेली पहिलटकरीण. आमच्या इन्चार्ज सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या, पोटावर हात ठेवून. कळ कधी आली, किती टिकली, ते हातालाच कळायचं. त्या सांगायच्या, मी घड्याळ बघून लिहायचे. मधूनच ठोके ऐकायच्या, घोटभर पाणी पाजायच्या, उठवून चालवायच्या. दाराबाहेर सासूचा धोशा, "ओ सिस्टर, सलाईन लावा की! कळा वाढायचं इंजेक्शन द्या! लेकरू अडकलंय!" सिस्टर एकदाच दारात गेल्या. "मावशी, लेकराचे ठोके चांगले हैत. कळा बी येतेत. तुम्ही च्या घ्या." आणि परत स्टुलावर.

हे बसणं मी कसं शिकवू, सांगा. पार्टोग्राफ, म्हणजे कळा-ठोक्यांची नोंद ठेवायचा तक्ता, फळ्यावर काढून दाखवते, पण स्किल लॅबमधल्या रबरी बाईला कळा येत नाहीत. वॉर्डात न्यावं तर एका बाईभोवती दहा पोरी, आणि दहाही जणींच्या केसबुकात तीच केस. आम्ही शिकवणाऱ्या तरी कुठल्या? निम्म्या जणींचा लेबर रूमशी संबंध नोकरी लागली तेव्हाच सुटलेला.

सरकारला कळत नाही म्हणावं तर तसंही नाही. २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या कामाच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या सिस्टरला आणखी १८ महिने फक्त हेच शिक्षण, आणि मग नॉर्मल बाळंतपणं तिच्या हाती. आपल्या नांदेडच्या पल्याड, तेलंगणात, २०१७ पासून सरकारी दवाखान्यांसाठी अशा सिस्टर्स घडवायला सुरुवात झाली. आणि आपल्याकडं? रजिस्ट्रेशनच्या कागदावर नर्स आणि मिडवाइफ दोन्ही छापून येतं, पण लेबर रूममध्ये हात बसतोय तोच ड्यूटी बदलून कॅज्युअल्टीत. घडवलेला हात असा वाया घालवायचा.

हो, डॉक्टर लागतात. झटके आले, मूल आडवं असलं तर सिझरच, त्यात वाद नाही. आणि बायकांवर खेकसणाऱ्या, मांडीवर चापट मारणाऱ्या सिस्टर्स आमच्यात आहेत, तेही खरं. झालं कबूल.

पण त्या रात्रीचं पुढचं ऐका. पहाटे मुलगी झाली. रडली, आईच्या छातीवर ठेवली. सिस्टरनी बाईच्या मांडीत ऑक्सिटोसिन दिलं, दहा युनिट. वार पडली, ती हातावर पसरून तपासली, तुकडा आत राहिला नाही ना. तरी रक्त थांबेना. गर्भपिशवी सैल पडली होती. मला म्हणाल्या, "पळ, साहेबांना उठव," आणि पोटावर हात दाबून पिशवी चोळत राहिल्या. डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत पिशवी कडक झाली होती, रक्त आटोक्यात. त्यांनी तपासलं, "ठीक आहे" म्हणाले. खरंच ठीक होतं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बोंब देशभर झाली. पिशवी काढणारे आपल्याकडं पैशाला पासरी. ती रात्रभर सांभाळणारी मात्र सून म्हणून नको!

सकाळी पेढे आले. पहिला डॉक्टरसाहेबांना, मग क्लार्कला, मग शिपायाला. आमच्यापर्यंत खोका आला तेव्हा तळाला नुसता भुगा. सिस्टर हसल्या. मला ते आजही हसण्यावारी नेता येत नाही.

सासूचं मात्र सांगायला हवं. जाताना म्हातारीनं सिस्टरच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि रात्री ओरडल्याचं एका शब्दानं न काढता निघून गेली. तिला कळलं होतं बहुतेक.

असो. राग थोडा उतरला. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गटागटानं, एका वेळी दोघीच, लेबर रूमला नाइटला नेण्याच्या परवानगीचं पत्र आज टाकलंय. सोबत मी थांबणार. वरून विचारणा आली, "मॅडम, नाइट कशाला? दिवसा डिलिव्हऱ्या होत नाहीत का?"