सोप्पंय हो भावजी

आमच्या गोतावळ्यात सुट्ट्यांमधल्या गेट-टुगेदरला कोणी काय आणायचं याची एक अलिखित उतरंड आहे. सगळ्यात वर मेन कोर्स, तो मोठ्या वहिनींकडे, तहहयात. त्याखाली डेझर्टवाले, त्यांचाही रुबाब कमी नसतो. मग सॅलड, मग ब्रेड. आणि अगदी तळाशी, ज्यांना गॅसजवळ जाऊ द्यायची कोणाची हिंमत होत नाही अशी माणसं, त्यांच्याकडे कोल्ड्रिंक आणि पेपर प्लेट. मी ११ वर्षं पेपर प्लेट होतो. तक्रार नव्हती, पेपर प्लेट करपत नाही, कोणी तिला मीठ कमी पडलंय म्हणत नाही.

यंदा ग्रुपवर यादी आली आणि माझ्या नावापुढे लिहिलं होतं 'चीज डिप (गरम)'. मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या नावाची ओळ सरकली असेल, म्हणून वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो भावजी, मीच टाकलंय. सोप्पंय हो, दहा मिनिटांचं काम. क्रीम चीज घ्यायचं, दूध घालायचं, चेडर किसून टाकायचं, ढवळायचं, झालं!"

या 'झालं'वर मी नंतर बराच विचार केला. हा शब्द फक्त अशाच माणसांनी उच्चारावा ज्यांचा हात पंचवीस-तीस वर्षं रोज स्वयंपाकात आहे, कारण ढवळायचं आणि झालं यांच्या मधोमध एक खोल दरी असते, ती त्यांना दिसत नाही कारण त्या ती झोपेतसुद्धा ओलांडतात, आणि आपण बघावं तर आपला एक पाय हवेत. पण तेव्हा मला हे कळलं नव्हतं. तेव्हा मी प्रमोशनच्या धुंदीत होतो.

सातला पोचायचं होतं. दहा मिनिटांचं काम म्हणून मी सावधपणे साडेपाचला सुरू केलं. नेटवरून एक रेसिपी काढली होती, नावातच 'इझी' आणि 'फेस्टिव्ह' दोन्ही शब्द होते आणि फोटोत वर लाल ढोबळी मिरचीचे तुकडे आणि हिरवी कांद्याची पात अशी गोल मांडलेली होती की एखाद्याने दारावर लावावी. क्रीम चीज २२५ ग्रॅम, चेडर २०० ग्रॅम, अर्धा कप दूध, लसूण, मिरपूड, थोडी मोहरीची पेस्ट. बस. यात चुकणार काय?

तर पहिली चूक फ्रिजमध्येच झाली. म्हणजे क्रीम चीज फ्रिजमध्ये होतं आणि मी ते तसंच, थंडगार, विटेसारखं, गरम दुधात सोडलं. रेसिपीत 'रूम टेंपरेचरला आणून' असं लिहिलं होतं, पण अशा सूचना मी पासवर्ड बदलण्याच्या सूचनेइतक्याच गांभीर्याने घेतो. त्या विटेचा बाहेरचा थर विरघळला आणि आतलं सगळं बारीक बारीक गुठळ्यांमध्ये फुटलं. मी व्हिस्क घेऊन मागे लागलो. गुठळी ही अशी वस्तू आहे की तुम्ही एकीच्या मागे लागलात की बाकीच्या भांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जमतात, आणि जितकं जोरात फेटावं तितक्या त्या लहान होतात पण संपत नाहीत, मुलांच्या शंकांसारख्या.

म्हटलं जाऊ दे, चेडर टाकला की सगळं झाकलं जाईल. आणि वेळ वाचवायचा म्हणून गॅस मोठा केला.

आता इथे एक सांगतो. आजवर माझ्या स्वयंपाकाबद्दल जे काही अर्धवट कानावर पडलेलं आहे त्यात एक वाक्य हमखास असतं, 'तेल सुटेपर्यंत परतून घ्या'. तेल सुटणं म्हणजे शुभशकुन अशी माझी समजूत. त्यामुळे तीन-चार मिनिटांनी भांड्याच्या कडेने पिवळंधमक तेल सुटायला लागलं तेव्हा मला चक्क आनंद झाला. मी बायकोला हाक मारून म्हटलं, बघ, तेल सुटलं! ती आली, तिने चमचा घालून वर उचलला, आणि चमच्याबरोबर ते सगळंच्या सगळं वर आलं. एकसंध. खाली फक्त तेल आणि दुधाचं पाणी राहिलं.

"हे डिप आहे?" तिने विचारलं.

"थोडं घट्ट झालंय."

"अरे, याने गाडीच्या टायरचं पंक्चर काढता येईल."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तो गोळा भांड्यात परत टाकला तर किंचित उसळला.

यावर आमच्या नववीतल्या कन्येने, जिला कोणी विचारलं नव्हतं, टेबलावरून मान वर न करता सांगितलं की, बाबा ते फाटलंय. मग तिने फोनवर शोधून जे वाचून दाखवलं ते असं, की चीजमध्ये प्रथिनांची एक जाळी असते, ती कॅल्शियमच्या आधाराने उभी असते आणि त्या जाळीत फॅट आणि पाणी धरून ठेवलेलं असतं. हलकेच गरम केलं तर जाळी सैल पडते आणि चीज छान वितळतं. पण जास्त तापवलं की ती प्रथिनं एकमेकांना घट्ट मिठी मारतात आणि आतलं फॅट आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, आपण ओला टॉवेल पिळतो तसं. म्हणजे माझ्या भांड्यातला तो गोळा म्हणजे पिळलेला टॉवेल. आणि माझा शुभशकुन म्हणजे त्यातून निघालेलं पाणी.

सहा वाजून पाच मिनिटं. दुसरा प्रयत्न.

या वेळी क्रीम चीज आधी कापून तुकडे करून ठेवलं होतं, ते मऊ झालं होतं, दुधात छान मिसळलं, एकही गुठळी नाही. माझी मान ताठ झाली. पण चेडरचा ब्लॉक संपला होता, म्हणून घरात तयार किसलेल्या चीजचं जे पाकीट होतं ते फोडलं, म्हटलं किसायचेही कष्ट वाचले. हे तयार किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चची नाहीतर सेल्युलोजची बारीक पूड चोळलेली असते. आता जी वस्तू पाकिटात महिनोन्‌महिने एकमेकांना चिकटायची नाही असं शिकवून तयार केलेली आहे ती माझ्या भांड्यात येऊन लगेच एकजीव कशी होणार? झालीच नाही. डिप दिसायला बरं होतं पण जिभेवर रवाळ लागत होतं, बारीक वाळू मिसळल्यासारखं. मी घाबरून आणखी चीज टाकलं, आणखी आच वाढवली, आणि कडेला पुन्हा ते ओळखीचं पिवळं तेल दिसलं. या वेळी मी कोणाला हाक मारली नाही.

साडेसहा. चीज संपलेलं. बायको तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलेली, अधूनमधून "चाललंय ना?" असं विचारत होती, त्या सुरात की ज्याचं उत्तर तिला आधीच माहीत आहे. मला स्पष्ट दिसायला लागलं की पुढच्या वर्षी माझ्या नावापुढे 'बर्फ' असणार. पेपर प्लेटच्याही खाली एक पायरी असते, ती बर्फ.

आणि तेवढ्यात कन्या फ्रिज उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, स्लाइस आहेत की."

स्लाइस म्हणजे ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, सँडविचमध्ये घालायचे, ज्यांच्याबद्दल चीजमधले जाणकार नाक मुरडतात आणि म्हणतात हे चीजच नव्हे. मी पण म्हणायचो, जाणकार नसताना. तिने पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. इमल्सिफायर ३३१, ३३९. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट. हे काय करतं तर त्या जाळीतलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं, प्रथिनं सुटी होतात आणि सुटी झालेली प्रथिनं फॅट आणि पाणी या दोन जन्माच्या वैऱ्यांना हाताला धरून एकत्र ठेवतात. म्हणून स्लाइस तापवली तरी सहजासहजी फाटत नाही. मग तिने वहीत त्याचं सूत्र लिहिलं, त्यात अक्षरं कोणती तर एनए, सी, एच आणि ओ. "बाबा, जुळवून वाचा." मी वाचलं. नाचो. मी इतका थकलो होतो की मला ते विनोद वाटण्याऐवजी दैवी संकेत वाटला.

(नाचोवरून आठवलं, नाचो हे मुळात एका माणसाचं लाडाचं नाव. १९४०च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावी इग्नासिओ आनाया नावाच्या माणसापुढे अवेळी गिऱ्हाइकं येऊन बसली, आचारी जागेवर नाही, तेव्हा हाताला जे लागलं ते, म्हणजे मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे, चीज आणि मिरची, एकत्र करून त्याने पुढे ठेवलं. इग्नासिओचा नाचो. आचारी नसताना स्वयंपाकघरात शिरलेला तोही आणि मीही. त्याचं नाव जगभर झालं, माझं अजून व्हायचंय.)

तर ही स्लाइसची युक्ती काही आजची नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी सायट्रेट घालून चीज वितळवलं आणि ते टिकाऊ करून दाखवलं. चीजच्या बाबतीत ज्या देशाचा शब्द अखेरचा मानतात त्याच देशातून हे निघालेलं आहे, त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मी त्या फाटलेल्या डिपचं भांडं पुन्हा अगदी मंद आचेवर ठेवलं, दोन चमचे गरम दूध घातलं आणि एकेक स्लाइस तुकडे करून सोडायला लागलो. पहिल्या दोन स्लाइसला काही नाही. तिसऱ्याला कडेचं तेल जरा आत सरकल्यासारखं वाटलं. चौथ्याला मी श्वास रोखला. पाचवी विरघळली आणि ते सगळं, तेल, पाणी, गोळे, एकमेकांचं तोंड न बघणारी ती सगळी मंडळी, एका क्षणात गुळगुळीत झाली, चमकायला लागली, चमच्यावरून सावकाश पडदा सरकावा तशी धार खाली आली. राहिलेला रवाळपणा कन्येने ब्लेंडर फिरवून मोडून काढला. मी ओट्यापाशी उभा राहून ते नुसतं बघत होतो. बायको आली, तिने चाखलं, काही बोलली नाही, पुन्हा चाखलं. आमच्या घरात याला पुरस्कार म्हणतात.

गाडीत ते भांडं मी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, बायको गाडी चालवत होती आणि प्रत्येक वळणाला मी "हळू, हळू" म्हणत होतो. तिथे पोचेपर्यंत ते गार होऊन थिजलं, वर साय धरली. हा डिपचा स्वभावच आहे, गार झालं की आखडतं. पुन्हा मंद गॅस, पुन्हा चमचाभर दूध, पुन्हा ढवळणं. मग ढोबळी मिरची आणि पात वर मांडली. फोटोतल्यासारखी गोल नाही आली, थोडी अपघातस्थळासारखी आली, पण रंग होते. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, गरम ठेवायचं असेल तर ६० अंशांच्या वरच ठेवायचं, हेही मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. कोणी विचारलं नव्हतं.

आणि लोक खाऊ लागले. मी टेबलापासून चार हातांवर, सहज उभा असल्यासारखा. एका मेहुण्यांनी चिप बुडवली, अर्धी खाल्ली, आणि तीच उरलेली अर्धी पुन्हा बुडवली. माझ्या डिपमध्ये! अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन हाच प्रकार तपासला होता. उष्टा तुकडा पुन्हा बुडवला की तोंडातले जंतू डिपमध्ये जातातच, पण पातळ साल्सात ते जास्त सापडले आणि चीजच्या डिपमध्ये कमी, कारण पातळ डिप उष्ट्या तुकड्यावरून ओघळून परत वाडग्यात पडतं आणि घट्ट डिप तुकड्याला धरून राहतं. म्हणजे घट्ट डिप करून मी सगळ्यांच्या तब्येतीची काळजीच घेतली होती. हे मेहुण्यांना सांगावं असं फार वाटलं, पण ते तिसऱ्यांदा बुडवत होते, आणि तिसऱ्यांदा बुडवणाऱ्याचा अपमान कोणता डिपवाला करेल?

साडेआठला वाडगा चाटून पुसून लख्ख. मी तो उचलून आत न्यायला लागलो तर ओट्यापाशी मोठ्या वहिनी. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या, "किती वेळा फाटलं?"

"दोनदा," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"स्लाइसची चव लागते हो थोडी. मीही टाकते ना. पहिल्या वर्षी माझं तीनदा फाटलं होतं."

मी पुढे काही विचारणार तेवढ्यात माझा पुतण्या रिकाम्या पेपर प्लेटांचा ढीग घेऊन आत आला. या वर्षी प्लेट त्याच्याकडे होत्या. "काका, भारी झालं होतं डिप. पुढच्या वर्षी मी करू का? अवघड असतं का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं.

"छे रे," मी म्हटलं, "सोप्पंय. दहा मिनिटांचं काम. चीज टाकायचं, ढवळायचं, झालं."