सहा की सात

बी.एस्सी.ला मला फिजिक्स होतं, ही गोष्ट मी घरात उगाच सांगून ठेवली. तीस-बत्तीस वर्षं तिचा काही त्रास झाला नाही. यंदा मुलीची परीक्षा नेमकी मे महिन्यात आली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि ऐन दुपारी मनू वही घेऊन कूलरसमोरच्या माझ्या जागेवर येऊन बसली.

"बाबा, एवढं एक सांगा न."

गणित दोन ओळींचं. एक प्रोटॉन गपचूप उभा आहे. दुसरा येऊन त्याच्यावर आदळतो. या टकरीतून आणखी एक प्रोटॉन आणि एक अँटिप्रोटॉन, म्हणजे त्याचा तेवढ्याच वस्तुमानाचा पण उलट विद्युतभाराचा जुळा, जन्माला घालायचा, तर येणाऱ्याजवळ कमीत कमी किती गतिज ऊर्जा पाहिजे?

मला हसूच आलं. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेत मोजलं तर ०.९३८ जीईव्ही, म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोन नवे कण, म्हणजे त्याची दुप्पट. "१.८८," म्हणालो आणि तक्क्याला टेकलो.

"मागे उत्तर ५.६३ आहे."

"छपाईची चूक असेल."

"बाबा, १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या बेव्हाट्रॉनवर, प्रोटॉन पळवायच्या मशीनवर, अँटिप्रोटॉन सापडला. ती मशीन सहा जीईव्हीच्या थोडं वर जाईल अशीच बांधली होती. सेग्रे आणि चेंबरलेनला १९५९ मध्ये नोबेल मिळालं."

छपाईच्या चुकीवर नोबेल देत नसावेत. मी उठून बसलो.

तेव्हा मला शंकरनगर चौक आठवला. मागच्या महिन्यात सिग्नलला मी स्कूटर घेऊन सभ्यपणे उभा होतो आणि एक पोरगा मागून येऊन धडकला. माझा मागचा लाईट फुटला हे खरं, पण त्याचा सगळा जोर काही लाईट फोडण्यात गेला नाही. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून उसाच्या रसवंतीपर्यंत घसरत गेल्या. सारख्या वजनाच्या गाड्या अशा चिकटल्या, की अर्धी ऊर्जा नुसती पुढे सरकण्यातच जाते. मोडतोडीला उरते अर्धीच. प्रोटॉनचंही तेच. टकरीआधी मोमेंटम, म्हणजे पुढे जाण्याचा रेटा, होता, तर टकरीनंतरही तेवढाच राहिला पाहिजे. जन्मलेली मंडळी जागेवर थांबू शकत नाहीत, त्यांना पुढे पळावंच लागतं.

"मग अर्धी धरून करू. ३.७५."

"प्रकाशाच्या जवळच्या वेगाला अर्धी नाही चालत, बाबा. आणखी कमी उरते."

तेवढ्यात लाईन गेली.

मग घामानं वहीचं पान हाताला चिकटत असताना आम्ही ते केलं. वस्तुमान एम धरलं, येणाऱ्याची ऊर्जा ई आणि प्रकाशाचा वेग एक. एकूण ऊर्जेच्या वर्गातून एकूण मोमेंटमचा वर्ग वजा केला, की येणारा आकडा कुठूनही बघा, तोच राहतो. टकरीआधी तो दोन एम वर्ग अधिक दोन ई एम. टकरीनंतर चार कण जेमतेम तयार झाले, एकमेकांपासून न हलता एकत्र चालले, तर चार एमचा वर्ग, म्हणजे सोळा एम वर्ग. सोळातून दोन गेले चौदा, भागिले दोन, सात. ई बरोबर सात एम! मी वहीवर थाप मारली. साती ०.९३८, ६.५७.

मागे ५.६३ च.

त्या फरकावर आमचा पाऊण तास गेला. मी चिन्हं तपासली, पाढा तपासला, प्रकाशकाच्या सात पिढ्या काढल्या. मनू वहीनं वारा घेत होती. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, ई म्हणजे टोटल. प्रोटॉनचं स्वतःचं एक एम त्यातच आहे. ते वजा करा न." सातातून एक गेला, सहा. सहा गुणिले ०.९३८, ५.६३. प्रश्न गतिज ऊर्जेचा होता, आणि तो मीच मोठ्यानं वाचला होता.

ही स्वयंपाकघरातून पदरानं घाम पुसत आली. मी तिला समजावलं, की सहा एम ओतले तर नवी जोडी बनायला लागतात फक्त दोन. बाकीचे चार सगळ्यांना पुढे पळवण्यात खर्च.

"म्हणजे तुमचं कॉटन मार्केट," ती म्हणाली. "दोन रुपये वाचवायला चार रुपये ऑटोला."

एवढं नेमकं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं, पण तसं कबूल करायची ही वेळ नव्हती.

मनूनं पान उलटलं. पुढच्या गणितात दोन्ही प्रोटॉन सारख्याच वेगानं समोरासमोर येत होते. मोमेंटमची बेरीज शून्य, कोणाला पुढे पळवायची भानगड नाही, सगळी ऊर्जा हाताशी. जिनिव्हाजवळच्या त्या २७ किलोमीटरच्या भुयारात, लार्ज हॅड्रॉन कोलायडर या मशीनमध्ये, म्हणूनच दोन झोत आमनेसामने सोडतात. ६.८ टीईव्हीचे दोन (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही), हाती पूर्ण १३.६. तोच एक झोत उभ्या प्रोटॉनवर सोडला तर मिळतील ०.११. आणि आमच्या जोडीसाठी? दोघांनी प्रत्येकी ०.९४ जीईव्ही आणायचे. मिळून १.८८.

"बघ!" मी उभाच राहिलो. "माझं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. तो एक प्रोटॉन उभा होता, त्याला मी काय करू?"

लाईन आली. कूलर खडखडत सुरू झाला.

"अहो, त्याच्यात पाणी टाका आधी," आतून आवाज आला. "नुसती गरम हवा फेकून राहिला."