घड्याळातले जास्तीचे १९० मीटर

मागच्या आठवड्यात १० किलोमीटरची शर्यत मी ६० मिनिटे २३ सेकंदांत पूर्ण केली. एका तासाच्या आत यायचे, हे चार महिन्यांपासून मनात धरलेले उद्दिष्ट अगदी थोडक्यात हुकले. मनगटावरच्या घड्याळाने मात्र एकूण अंतर १०.१९ किलोमीटर दाखवले, आणि त्याच्या हिशेबाने माझे १० किलोमीटर ५९ मिनिटे १८ सेकंदांतच झाले होते. गळ्यात पदक पडायच्या आधीच मी शेजारी धापा टाकत उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, "यांनी अंतर जास्त धरलंय हो!" त्यांच्या घड्याळात १०.१४ होते, त्यामुळे त्यांनीही लगेच मान डोलावली. संध्याकाळपर्यंत धावपटूंच्या ग्रुपवर सगळ्यांनी आयोजकांवर मनसोक्त तोंडसुख घेतले आणि त्यात मी मागे नव्हते.

दोन दिवसांनी पाय जरा हलके झाल्यावर आयोजकांनी प्रसिद्ध केलेला मार्गाचा नकाशा आणि मोजणीचे प्रमाणपत्र मी नीट वाचले, आणि माझीच मला लाज वाटली.

रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर घड्याळाने किंवा मोटारीच्या मीटरने मोजत नाहीत, तर सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र बसवलेले असते. पोलादी टेपने आधी मोजून ठेवलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चार वेळा चालवतात आणि काउंटरचा आकडा एका किलोमीटरला किती पुढे सरकतो ते ठरवतात. मार्ग मोजून झाल्यावर त्याच पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या होतात, कारण ऊन चढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित बदलतो. शिवाय मोजणारा माणूस धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेनेच जातो: वळणावर रस्त्याच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे सरळ तिरके. एवढे करूनही मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. म्हणजे १० किलोमीटरच्या शर्यतीत जाणूनबुजून जास्तीचे असतात ते फक्त १० मीटर.

मग माझे १९० मीटर आले कुठून? पहिला किलोमीटर आठवला की उत्तर बरेचसे मिळते. सुरुवातीला मी संकोचाने अगदी मागे उभी राहिले आणि पुढे मोबाइल उंचावून फोटो काढत चालणाऱ्यांची भिंत होती. (धावपटूजवळ असलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपची वेळ आपण सुरुवातीच्या रेषेवरची, चिप टिपणारी मॅट ओलांडल्यापासून मोजली जाते, त्यामुळे मागे राहिल्याचे वेळेत काही नुकसान नव्हते, हे मला माहीत असूनही जीव राहवेना.) मी डावीकडून, उजवीकडून, दुभाजकाच्या कडेने वाट काढत सुटले, आणि पहिल्या पाटीपाशी घड्याळ १.०४ दाखवत होते. पुढे दोन यू-टर्न होते. दोन्ही ठिकाणी आतल्या बाजूच्या गर्दीत शिरायला नको म्हणून मी बाहेरून वळले. वर्तुळाचे साधे गणित केले तर आदर्श रेषेपासून तीन मीटर बाहेरून घेतलेल्या एका यू-टर्नमध्ये साधारण साडेनऊ मीटर वाढतात. लांबलचक वळणदार रस्त्यावरही मी आज्ञाधारकपणे डावी कड धरून राहिले, आणि माझ्या पुढचे एक वयस्क गृहस्थ मात्र प्रत्येक वळण आतून कापत, एकाच लयीत, कुठेही न धडपडता चालले होते. सातव्या किलोमीटरनंतर बरगडीखाली कळ येऊन मी मंदावले, ते मंदावले नाहीत.

उरलेले मीटर घड्याळाच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. जीपीएस ठरावीक अंतराने आपली जागा टिपते आणि ते ठिपके जोडते. उंच इमारतींजवळ किंवा दाट झाडीखाली ठिपके रस्ता सोडून इकडेतिकडे पडतात आणि जोडलेली रेघ नागमोडी होते. माझ्या नकाशात तर मी एका इमारतीच्या भिंतीतून आरपार धावलेली दिसते!

याचा अर्थ आयोजकांना बोल लावूच नये असे नाही. चार किलोमीटरची पाटी उघडच चुकीच्या जागी होती: तिसऱ्या पाटीपासून तिथपर्यंत मला ६ मिनिटे ४० सेकंद लागले आणि पुढचा किलोमीटर ५ मिनिटे १० सेकंदांत 'झाला', जो वेग माझ्या पायांत नाही. त्या पाटीने घाबरून मी उगाच जोर लावला आणि त्याची किंमत पुढे चुकवली. वेगाप्रमाणे उभे राहण्यासाठी सुरुवातीला वेगळे गटही आखलेले नव्हते. या दोन्ही तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. पण या खऱ्या तक्रारी ग्रुपवर कोणीच केल्या नाहीत, सगळे त्या १९० मीटरवरच अडून बसले.

आणि मनातली एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एका शर्यतीत माझ्या घड्याळाने ९.८ किलोमीटर दाखवले होते. तिथे मोजणीचे प्रमाणपत्र वगैरे काही नव्हते, मार्ग बहुधा फोनवरच आखलेला होता. त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही अंतराविषयी चकार शब्द काढला नाही. उलट 'पर्सनल बेस्ट'ची अभिनंदने रात्रीपर्यंत चालली होती, आणि मी ती सगळी हात जोडून स्वीकारली होती.

आता घड्याळातला आपोआप लॅप घेण्याचा, म्हणजे त्याच्या हिशेबाने दर किलोमीटरची वेळ नोंदवण्याचा, पर्याय मी बंद केला आहे. पुढच्या शर्यतीत प्रत्येक पाटीपाशी स्वतः बटण दाबायचे, आणि एखादी पाटी संशयास्पद वाटली तर पुढची येईपर्यंत वेग बदलायचा नाही, असे ठरवले आहे. राहिला त्या दिवशीचा आकडा. अ‍ॅपने '१० किमी: ५९:१८' असा नवा विक्रम माझ्या नावावर परस्पर चढवून टाकला होता. काल रात्री तो मी पुसला आणि हाताने १:००:२३ भरले.